आतल्या खोलीतला मिस्त्री

प्रिय वहिनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल, तर आधी घोटभर पाणी पी. मी धडधाकट आहे. फोनच केला असता, पण घरचा फोन बाबांच्या खिशात, आणि बाबा बोलतात स्पीकर लावून. मी इथे शिंकलो तरी तिथल्या गिऱ्हाइकांना कळतं. टपाल दुपारी येतं तेव्हा ते आडवे झालेले असतात, म्हणून हा कागदाचा उद्योग. अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेल्यासारखं आहे, पण तू लावशील. जळक्या मोटरमधून तारेचं टोक शोधून काढणाऱ्या बाईला हे काय जड!

बाबांनी मला काय सांगितलंय ते तुझ्या कानावर आलं असेलच, मधे नुसता पडदा तर आहे. पुढच्या महिन्यात ये म्हणतात. दुकान तुझ्या नावावर करतो, गल्ल्यावर बस, आणि सूनबाईला तिच्या भावाकडे पोचवून येऊ. थोरला गेल्यापासून पोर इथे अडकून पडलीय, तिचंही आयुष्य पुढे पडलंय. वाईट मनाने नाही म्हणत गं ते. त्यांना खरंच वाटतं की ते तुझी सुटका करतायत. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बघतो म्हटलं. तेव्हापासून ते ‘बघतो’ माझ्या घशात अडकलंय, गिळवतही नाही आणि ओकवतही नाही.

इथलं सांगतो. कपडे धुण्याच्या कारखान्यात आहे अजून. इस्पितळांच्या चादरी येतात, धुवायच्या, पिळायच्या, गरम रुळांतून काढायच्या. हाताची कातडी पापडासारखी झालीय. राहायची खोली एक, खाटा सहा आणि माणसं बारा, कारण दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी पडतो. माझ्या खाटेवर दिवसा जो झोपतो त्याचं तोंड मला सुट्टीशिवाय दिसत नाही, पण त्याच्या डोक्याने उशीत पडलेला खळगा मला ओळखू येतो. आम्ही एकमेकांसाठी चादर नीट घालून ठेवतो, एवढीच काय ती ओळख.

तर सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जनगणनेच्या बाई आल्या. एरवी कुठल्याशा शाळेत शिकवतात. चष्मा दोरीला टांगलेला, आवाज असा की बारा बाप्ये आपोआप भिंतीला लागून उभे राहिले. कोण कुठल्या खाटेवरचा ते मला पाठ, म्हणून घरमालकाने मलाच पुढे ढकललं. मला वाटलं डोकी मोजतील आणि जातील. छे! नाव-वय पटकन झालं, खरी उलटतपासणी कामाची. गेल्या सात दिवसांत कमाईसाठी तासभर तरी काम केलंत का? केलं तर कुणाकडे, पगारावर की स्वतःचा धंदा? नसेल केलं तर शोधताय का? मिळालं तर लगेच जाल का?

खोलीत एक जण आहे, त्याला सगळे मामा म्हणतात, तो सगळ्यांचं जेवण करतो. तो म्हणाला, माझं काय लिहिता बाई, मी रिकामाच असतो. सगळे हसले. एक जण म्हणाला, मामा, तू रिकामा असतास तर आम्ही कधीच उपाशी मेलो असतो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तुमच्या खाटेचं भाडं कोण भरतं? आम्ही म्हटलं, आम्ही सगळे मिळून, तो रांधतो म्हणून. मग हे काम झालं, बाई म्हणाल्या, मोबदला रोखच असला पाहिजे असं नाही. आणि लिहिलं, आचारी. आता भाजीत मीठ कमी आहे म्हटलं की मामा म्हणतो, आधी आचाऱ्याशी नीट बोलायला शिका.

त्यानंतर साहेबाची पाळी आली. साहेब म्हणजे आम्हीच ठेवलेलं नाव. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट, काखेत बॅग, आणि आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत जिना उतरायचा. आम्ही समजत होतो कचेरीत आहे. बाईंनी तोच प्रश्न विचारला, गेल्या सात दिवसांत? साहेब शर्टाची बाही सरळ करायला लागला. त्याआधी? दुसरी बाही. कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मला तहान लागलीय, जा सगळे, पाणी घेऊन या. एका पेल्यासाठी आम्ही सगळे बाहेर गेलो वहिनी, आणि कुणी कुणाकडे बघेना. दार उघडंच होतं. मला ऐकू आलं, काम शोधताय का? तो म्हणाला, रोज. एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो बॅग घेऊन निघाला तेव्हा मामाने त्याच्या हातात डबा दिला. साहेबाने तो घेतला.

माझं म्हणशील तर मी बाईंना दमवलं. वर्षभरात जास्तीत जास्त दिवस कुठलं काम केलंत, म्हणाल्या. मी आठवायला लागलो. वीटभट्टी, गोदामात पोती उचलणं, मग काचा पुसणं, मग हा कारखाना. काम सुटलं का तुम्ही सोडलंत, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीच सोडलं, दरवेळी. का? तर सांगता येईना. तुला ठाऊक आहे. एका जागी बसलो की माझ्या पायांना मुंग्या येतात. दादा मला दुकानात तारेचे वेढे मोजायला बसवायचा तेव्हा निम्म्यात माझं चित्त उडायचं आणि अख्खी कॉइल सोडून परत गुंडाळावी लागायची. शेवटी तो माझ्या हातातून तार काढून तुझ्या हातात द्यायचा. तू बघून बघून शिकलीस आणि मी बघून बघून पळालो.

बाई निघाल्या तशी जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, एक शंका आहे. एक बाई आहे, घरच्या दुकानात मोटरी आणि पंखे रिवाइंड करते. तारा गुंडाळते, वार्निश लावते, तपासून देते, वर्षभर, रोज. पगार नाही. लोकांना कळू नये म्हणून आतल्या खोलीत बसते, कारण बाईमाणसाच्या हातात पंप द्यायला लोक कचरतात. सासरे गल्ल्यावर असतात, मिस्त्री कोण विचारलं तर आत आहे म्हणतात. लोक मिस्त्रीसाठी चहा पाठवतात, तो चहा हीच पिते. मिस्त्री फार अबोल आहे असं गावभर झालंय. तर हिचं काय लिहाल? बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, घरच्या धंद्यात बिनपगारी काम करणारी, हे आहे आमच्याकडे. मग दोन पायऱ्या उतरून थांबल्या. तार कुठली आणायची, काम घ्यायचं का परत पाठवायचं, हे कोण ठरवतं? मी म्हटलं, तीच. मग ती मदतनीस कशी, त्या म्हणाल्या, धंदा तर तीच चालवते. पण माझ्या म्हणण्याला अर्थ नाही. दारात जो उभा राहतो तो म्हणतो, सून का, ती घरीच असते. मी पुन्हा विचारते, काही करत नाहीत का त्या? तो पुन्हा म्हणतो, घरीच असते. मग तेवढंच लिहून पुढच्या घरी जायचं.

त्या गेल्या, मी जिन्यातच बसून राहिलो. बाबा नेमकं हेच सांगणार. आवाजसुद्धा ऐकू आला मला त्यांचा. आणि मग वाटलं, मी तरी वेगळं काय केलं? खोलीत कुणी घरचं विचारलं की मी ऐटीत सांगतो, आपलं रिवाइंडिंगचं दुकान आहे. आपलं! मला साध्या टेबलफॅनची तारसुद्धा भरता येत नाही.

काल बाबांशी बोललो. रात्री दुकान बंद करताना फोन करून त्यांना एकट्याला गाठलं, स्पीकर बंद करायला लावला आणि सांगून टाकलं, मी येणार नाही. पुढच्या महिन्यात नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. आलो तर भेटायला येईन, बसायला नाही. आधी चिडले, भटक्या म्हणाले, कुळाला बुडवशील म्हणाले. मग विचारलं, दुकान कोण बघणार? मी म्हटलं, आत्ता कोण बघतंय बाबा? त्यांनी गल्ल्याचा खण उघडून परत लावल्याचा आवाज आला. मी म्हटलं, तिच्या नावावर करा, दादा असता तर त्याच्या नावावर केलंच असतं ना? तेव्हा हळूच म्हणाले, तिला विचारतो. वहिनी, बाबांनी तुला कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही. आणि फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं की मीसुद्धा नाही. दुकान तिचं करा म्हणून मी बापाशी भांडलो, पण तुला ते हवंय का, हे मला कुठे माहीत आहे? कदाचित तुला वार्निशच्या वासाचा वीट आला असेल. कदाचित खरंच भावाकडे जायचं असेल, आणि माझ्यासारखंच तुझ्याही पायांना मुंग्या येत असतील. म्हणून हे लिहिलं. बाबा विचारतील तेव्हा मान खाली घालून तुम्ही म्हणाल तसं, असं म्हणू नकोस. पाहिजे तर दोन दिवस मागून घे. हवं असेल तर हवं म्हण, नको असेल तर नको म्हण, मी दोन्हींत तुझ्या बाजूने उभा आहे. तू काय म्हणालीस ते मला बाबांकडून कळायला नको. तुझ्या हाताने चार ओळी लिही. तोवर मी ही नोकरी सोडत नाही, पत्ता हाच आहे.

तुझाच,
भिंगऱ्या