तिसऱ्या सीटची खिडकी

सोम., ३ फेब्रु.
आज उठले नाही.
वडूजहून येणारी सकाळची सातारा गाडी. फाट्यावर चढले, तिसऱ्या सीटची खिडकी मिळाली, पुस्तक काढलं. मागोमाग आप्पा चढले, यांचे थोरले चुलते. आमच्याकडं सून सासऱ्याच्या पुढं बसत नाही. सासरा चढला की उठायचं, पदर सावरायचा, मागं जायचं. लग्नाला सहा वर्षं झाली, सहा वर्षं जातेय. मागं गाडी अशी आदळते की एक ओळ वाचता येत नाही. तलाठीची परीक्षा महिन्यावर आलीय. घरी पुस्तक हातात घेतलं की कुणीतरी हाक मारतंच, साताऱ्याच्या दुकानात दिवसभर साड्या उलगडायच्या. बसमधला हा तास तेवढा माझा.
मागं चार सीटा रिकाम्या होत्या. पण सुनेच्या मागं कसं बसायचं, आप्पा बसले नाहीत. माझ्याशेजारी दांडी धरून थेट साताऱ्यापर्यंत उभे. एकच पान तीनदा वाचलं.

मंगळ., ४
पुन्हा तेच. कंडक्टर म्हणाला, "आप्पा, मागं ज्येष्ठांची सीट मोकळी हाय की."
"मी काय म्हातारा हाय व्हय रं?"
गावातलाच एक जण मागून, "बायकांनी अर्धं तिकीट काढायचं अन् पुढं बसायचं!"
राहवलं नाही. "आप्पांचं तर फुकट हाय. ते का बसंनात?"
गाडी हसली. आप्पांचे कान लाल. वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं.

गुरु., ६
बातमी घरी पोचली. सासूबाई भाकरी थापता थापता, "आमी हयातभर मागंच बसलो. काय बिघडलं आमचं?" गुडघे बिघडले, हे अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.
यांचा लेहवरनं, पलटणीतनं फोन. "कशाला वाकडेपणा घेतीस? साहेब आला की आमी बी उठतो."
"तुमाला त्याचा पगार हाय."
फोन बंद. रेंज गेली की ठेवला, कोण जाणे.

शनि., ८
आप्पा सलग सहा दिवस उभे. साताऱ्यात नातवाच्या मेडिकलात दिवसभर खुर्चीवरच असतात, पण गाडीत नाही. आज पाय थरथरत होते त्यांचे. शेजारची जागा झटकली, "आप्पा, बसा की हितं." तोंड फिरवलं.
बरं. मग मीही वाचत बसले. आज दोन धडे झाले.

मंगळ., ११
सा.बां.ना गुडघा दाखवायला साताऱ्याला नेलं. तिसरी सीट, सा.बा. खिडकीत, मी कडेला. आप्पा चढले तशा सा.बा. उठायला लागल्या. पदर डोक्यावर, एक हात गुडघ्यावर, कळ तोंडावर दिसतेय. मी त्यांच्या मांडीवर हात दाबून धरला.
"सोड गं. थोरलं भावजी हायती."
"आत्या, बसा."
पुसेगाव येईपर्यंत धड बसलेल्या नाहीत, धड उभ्या नाहीत. मी हात काढला नाही. मग बसल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
आप्पांनी आमच्या दोघींकडं बघितलं, दांडी सोडली. मग मागं जाऊन बसले. आठवड्यात पहिल्यांदा.
स्टँडवर उतरल्यावर मला नाही, सा.बां.ना म्हणाले, "रविवारी देवळात भावकी बसवतो. दोघी बी या."
डॉक्टरांनी गुडघ्याला पट्टा दिला. चढउतार कमी करा म्हणाले.
परतीची गाडी अर्धी रिकामी. सा.बा. न विचारता खिडकीत बसल्या. मला वाटलं, आता शिव्या बसणार.
"रविवारी कुटं बसायचं गं आपन?"
भावकीच्या बैठकीला बायका खांबाच्या मागं बसतात. आजवर मीही तिथंच बसलेय.
"पुढं," म्हटलं.
त्यांनी गुडघ्याचा पट्टा आवळला.
"मग लवकर जाया पायजे. जागा धराया."