बापा पत्रा वाजवून बघतात

२ मे, मंगळवार

ठरलं. गेलेल्या वडिलांच्या, बापांच्या, नावानं चबुतरो करायचा. उंच खांब, त्यावर आठ बाजूंचा मोठा थाळ, वर घुमटी. पाखरांनी यावं, दाणा खावा, बापांना पुण्य लागावं. राजकोटात वारलेल्यांच्या नावानं दगडाचे आणि सिमेंटचे चबुतरे पुष्कळ आहेत. आपला पत्र्याचा. बापांनी, म्हणजे वशराम मिस्त्रींनी, जन्मभर पत्रा वाकवला, त्यांना दगड कशाला?

आणि पत्रा मी निवडणार. आजवर आमच्या वर्कशॉपमधला एकही पत्रा मी निवडलेला नाही. बापा म्हणायचे, "किरीट, तू बिलं बघ." स्वतः मात्र गोदामात जाऊन एकेक पत्रा बोटाच्या सांध्यानं दोनदा वाजवायचे, कान लावून ऐकायचे. पसंत पडला तर मान हलवायचे, नाही तर पुढे. मला ही पद्धत कधीच शास्त्रीय वाटली नाही.

मागच्या अंगणात त्यांनीच आणून ठेवलेले जाड काळे पत्रे गंजत पडलेत. आई, म्हणजे आमची बा, त्यावर रोज मूठभर ज्वारी टाकते, त्यामुळे कबुतरं माजलीत. सगळी घाण. चबुतरो झाला की ते पत्रे भंगारात.

९ मे, मंगळवार

बिपिनभाईंच्या गोदामात गेलो. आरशासारखं फिनिश असलेला स्टेनलेस पत्रा पाहिला आणि तिथेच ठरलं. सव्वीस गेज. हलका, सुबक, मॉडर्न. बिपिनभाई म्हणाले, "किरीटभाई, हा मिठाईच्या डब्याला ठीक आहे. एवढ्या मोठ्या थाळाला घ्याल तर उन्हात फुगेल, सावलीत बसेल, दिवसभर बोंबलत राहील. सोळा गेज काळा घ्या." गेजचा आकडा उतरला की जाडी चढते आणि पत्रा किलोवर विकला जातो. व्यापारी जाड का घ्या म्हणतो, हे लहान पोरालाही कळेल. थाळाच्या पाठीला आधाराच्या पट्ट्या तरी मारा म्हणाले. पट्ट्यांनी डिझाइनची लाइन जाते. नाही म्हणालो.

निघताना पुटपुटले, "बापा असते तर बोट वाजवूनच परत पाठवला असता." हसून घेतलं. वाईट वाटलं, पण हसून घेतलं.

२१ मे, रविवार

चबुतरो उभा राहिला. घराच्या कोपऱ्यावर, गोंडल रोडवरूनही चमकताना दिसतो. एका रिक्षावाल्यानं डोळ्यांवर हात धरला. इम्प्रेशन पडतं ते असं.

बानं पहिली मूठ ज्वारी टाकली आणि तिथल्या तिथे बाधा घेतली, म्हणजे नवस केला. पहिलं पाखरू थाळात दाणा खाईल तोवर चहा बंद. आमच्याकडे माणूस अन्न सोडेल, चहा सोडणार नाही. मी म्हणालो, बा, उद्या सकाळी पिशील. मागच्या अंगणात दाणा टाकणंही बंद करायला सांगितलं, म्हणजे गिऱ्हाईक आपोआप पुढे येईल.

२४ मे, बुधवार

एक कबूतर आलं. उतरलं. घसरलं. पडता पडता उडालं. आमच्याकडे बघून गेलं असं वाटलं.

सुरुवात वाईट नाही.

२६ मे, शुक्रवार

काहीतरी विलक्षण घडलं. घाईघाईनं लिहून ठेवतो.

दुपारी जेवून पडलो होतो. सगळं राजकोट झोपलेलं. एवढ्यात बाहेरून आवाज. टणं. जरा थांबून पुन्हा, टणं.

दोनदा. बापांसारखंच.

बाहेर आलो. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. चबुतरो उन्हात तळपत होता. अंगावर काटा आला. संध्याकाळी ऊन उतरताना पुन्हा दोनदा.

बापा आलेत. पत्रा वाजवून बघतात. पसंत पडला असणार, एरवी दुसऱ्यांदा कशाला येतील?

३० मे, मंगळवार

रोज येतात. आता मी दुपारी झोपत नाही, चबुतऱ्याखाली खुर्ची टाकून बसतो. रसीलाला सांगितलं. बायको म्हणून तिचा हक्क आहे. ती म्हणाली, "अहो, डोक्याला ओलं फडकं बांधून बसा." विषय वाढवला नाही.

बाला मात्र न सांगता कळलं. दुपारी खुर्चीजवळ गार पाण्याचा तांब्या आणून ठेवते, वर वाटी झाकून. नवऱ्याला तहान लागत असेल, असंच तिच्या मनात असणार. भरून आलं. त्यातलं थोडं पाणी मी प्यायलो. मग उरलेलंही प्यायलो. बापा समजून घेतील.

३ जून, शनिवार

पाखरं नाहीत. मोबाइलवर कबुतरांचं घुमणं लावून ठेवलं. मांजर आली.

७ जून, बुधवार

समोरचे वजुकाका बनियनवर भांडायला आले. म्हणाले, "राजकोटात दुपारी झोपेच्या वेळी, एक ते चारमध्ये, कुणी गेलं तरी चारनंतर कळवतात. आणि तुझा चबुतरो आम्हाला रोज उठवतो!" मी हळू आवाजात खरं काय ते सांगितलं. वजुकाकांनी बनियन खाली ओढलं. मग म्हणाले, "वशराम जिवंत असताना कधी दुपारी कुणाला उठवायचा नाही." आणि गेले.

हे मात्र डोक्यात राहिलं. खरंच, बापा दुपारी कटाक्षानं झोपायचे. मग आता का येतात? पसंत असेल तर एकदा येऊन मान हलवून जायचं. रोज रोज का वाजवायचं?

काहीतरी सांगायचंय त्यांना.

१० जून, शनिवार

विचारायचं ठरवलं. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"बापा, तुम्हीच ना?" टणं. हो.

"चबुतरो आवडला?" टणं. मग खूप वेळानं आणखी एक. हा दुसरा धरायचा की नाही, याचा नियम आधी केला नव्हता.

शेवटी विचारलंच. "सोळा गेज घ्यायला हवा होता का?" बराच वेळ काही नाही. मला हुश्श झालं. आणि मग असा दणका बसला की वजुकाकांच्या घरात भांडं पडलं.

एक ठोका. पण ढगाआडून ऊन आल्यामुळे माझं लक्ष विचलित झालं होतं, तेव्हा तो प्रश्न रद्द समजतो.

१३ जून, मंगळवार

बाचं डोकं दुखतंय. चहा नाही ना. रसीला म्हणाली, "पाखरू येईपर्यंत म्हातारी जाईल, मग दोघांचा मिळून एकच चबुतरो करा." अशी बोलते. बाला सांगितलं, बाधा सोड, देव समजून घेईल. ती म्हणाली, "दीकरा, माझं देवाशी नाही, त्यांच्याशी आहे. त्यांच्या नावाचा दाणा कुणी तरी खाऊ दे."

घुमटीवर प्लास्टिकचा पोपट बसवला. दुपारपर्यंत वितळला.

१९ जून, सोमवार

दिवसभर आभाळ. दिवसभर आवाज नाही.

बापा आले नाहीत. आभाळ आलं की त्यांचे गुडघे धरायचे, त्यामुळे असेल. तरी खुर्चीवर बसून राहिलो. इतकं रिकामं तर स्मशानातून परत आल्यावरही वाटलं नव्हतं.

२१ जून, बुधवार

आजही आभाळ. आजही नाहीत. मी काही वेडंवाकडं विचारलं का? गेजचा प्रश्न विचारायला नको होता. ज्याचा त्याचा मान असतो.

२५ जून, रविवार

ऊन पडलं. आले! टणं, टणं. डोळ्यांतून पाणी आलं, काय करणार. म्हणालो, "बापा, रागावू नका, मी फक्त बिलं बघतो." असंच तोंडातून गेलं.

मागे वळलो तर दारात रसीला उभी.

२६ जून, सोमवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

सकाळी रसीलानं स्वयंपाकघरात बोलावलं. गॅसवर स्टीलचं पातळ ताट पालथं घातलं, ज्योत मोठी केली. आम्ही दोघं बघत उभे. जरा वेळानं ताट फुगलं. टणं. तिनं गॅस बंद केला. ताट गार होता होता पुन्हा बसलं. टणं.

म्हणाली, "बापुजी गॅसवर पण आले वाटतं."

मग तिनं माझा चेहरा बघितला. चहा करून दिला. मी नको म्हणालो.

पत्रा चुकला याचं त्या घटकेला काही वाटलं नाही. बापा येत नव्हते, एवढंच कळलं. महिनाभर मी उन्हाशी बोलत होतो.

२८ जून, बुधवार

नीट विचार केला. तापमानाचा पत्र्यावर होणारा परिणाम मी अभ्यासासाठी पुरेसे दिवस नोंदवलेला आहे. आता सुधारित आवृत्ती करायला हरकत नाही. मागच्या अंगणातले बापांचे काळे पत्रे वापरायचे. सोळा गेज. ही कल्पना पूर्णपणे माझी आहे. रसीला काल असंच काहीतरी म्हणत होती, पण तिनं गेज सांगितलं नव्हतं.

पत्रे उचलताना दिसलं, मधोमध ज्वारीची फोलकटं, भोवती कबुतरांच्या पायांचे बारीक ओरखडे. कितीतरी दिवसांचे. त्यांना हा पत्रा ओळखीचा आहे. बापांना ज्वारी टाकताना मी पाहिलेलं नाही. ती बाच टाकायची. पण पत्रा तर त्यांनीच वाजवून आणलेला.

आरशाचा पत्रा बिपिनभाईंकडे परत पाठवला. त्यांनी घेतला. मिठाईवाल्याला देतील.

९ जुलै, रविवार

काळा थाळ, काळी घुमटी. चमकत काहीच नाही. रिक्षावाले बघतही नाहीत.

सकाळी बानं ज्वारी टाकली. मी पायरीवर बसून राहिलो, आशा न ठेवता. एक कबूतर आलं. उतरलं. पाय रोवले. मान तिरकी करून थाळाकडे बघितलं आणि खाल्लं. मग दुसरं. मग जणू सगळ्या सोसायटीला निरोप गेला.

रसीलानं चहा टाकलाच होता. बानं बशीत ओतला, फुंकला, प्यायली. दुसरी बशी मागितली. तिसरी मागितली.

मग मी बाला म्हणालो, आता बापांसाठी दुपारचं पाणी नको ठेवूस, तो आवाज उन्हाचा होता. बा म्हणाली, "ठाऊक होतं. पत्र्याच्या छपराखाली संसार केलाय मी." मी विचारलं, मग तांब्या कुणासाठी होता? ती म्हणाली, "बापासाठी कशाला? भर उन्हात तू बसायचास ना, येड्या."

११ जुलै, मंगळवार

दुपार. कडक ऊन. सगळे झोपलेत, वजुकाकाही.

खुर्चीवर बसलो. आवाज नाही. येणार नाही हे माहीत असून बसलो. वर कबुतरं खात होती.

शेवटी शिडी लावली, वर चढलो, बोट मुडपलं आणि थाळाला खालून हलकेच वाजवलं. दोनदा.

ठप्. ठप्. भरीव, बुटका आवाज. आणि ऐकताक्षणी आठवलं. बापा मान हलवायचे तो आवाज हा. टणं आलं की ते पुढच्या पत्र्याकडे जायचे. महिनाभर मी रोज नापसंतीचा आवाज ऐकून डोळे पुसत होतो.

सगळी कबुतरं भर्रकन उडाली. खिडकीतून बा ओरडली, "मेल्या, जेवू दे त्यांना! तुला पत्र्याला हात का लावू देत नव्हते, ते आत्ता कळलं!"

उतरलो. खुर्चीजवळ तांब्या होता, वर वाटी झाकलेली. पाणी प्यायलो आणि आत जाऊन झोपलो.