जेवायला आलेले उपदेशक

आई,

काल नातीनं मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यात चार जण चार तऱ्हेनं देवाचं सांगत होते आणि बाकीचे तिघं खोटे, असं प्रत्येकाचं म्हणणं होतं. "आजी, यातलं खरं कोण बोलतंय?" तिनं विचारलं आणि मला हसूच आलं. एकोणिसाव्या वर्षी मी याच प्रश्नात अडकले होते, आणि तू तो मटणाचा रस्सा करून सोडवला होतास.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. तू गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात, मी डी.एड.ला, आणि नऊ वर्षांच्या धाकटीला आकडी यायची. उपाय सांगणारे तर दारात उभेच असत. शेजारच्या तेलुगू काकू देवीचा दोरा आणायच्या, कोपऱ्यावरचे चाचा दर्ग्याला चला म्हणायचे, मामा म्हणायचा देवबीव सगळं झूट आहे. तू सगळ्यांना चहा द्यायचीस. आणि सकाळ-संध्याकाळ प्रभूची प्रार्थना करून सरकारी दवाखान्यातली पांढरी गोळी धाकटीला द्यायचीस.

मग सात रस्ता चौकाजवळच्या मैदानात ख्रिस्ती सभेचा तंबू लागला. बाहेरगावाहून एक उपदेशक आले होते, त्यांचा आवाज असा, की अंगावर काटा यायचा. "गोळी खातोस म्हणजे प्रभूवर तुझा भरवसा नाही," ते म्हणाले. मी रडत घरी आले. तुझी त्या आठवड्यात सकाळपाळी होती, धाकटीला गोळ्या द्यायचं काम माझ्याकडं होतं. दोन दिवस मी तिला फक्त प्रार्थना दिली. गोळ्या ज्वारीच्या डब्यात लपवल्या.

तिसऱ्या दिवशी ती नळावर कोसळली. ओठ फाटला, फ्रॉक रक्तानं भिजला. तू गिरणीतून आलीस, तिला मांडीवर घेतलंस आणि माझ्याकडं न बघताच विचारलंस, "गोळ्या कुटं हायत?" मी डबा पुढं केला. तू मारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "भरवसा तुजा हाय न्हवं? मग तू उपाशी ऱ्हायचंस की. तिच्या गोळ्या का सोडवल्यास?" आजही हे लिहिताना माझे कान तापतात.

रविवारी उपासनेनंतर तू त्या उपदेशकांनाच जेवायला घेऊन आलीस. मला वाटलं, आता भांडण. पण तू भाकऱ्या थापतेयस, रस्सा वाढतेयस, आणि ते "बाई, हात लई चांगला तुमचा" म्हणत जेवतायत. ओठाला टाके पडलेली धाकटी त्यांच्या समोरच बसलीय; दोन दिवस गोळी चुकली आणि पडली, एवढंच तू त्यांना सांगितलंयस. हात धुतल्यावर त्यांनी सवयीनं खिशातून छोटी बाटली काढली आणि एक गोळी तळहातावर घेतली.

"कशाची वो?" तू विचारलंस.

"ब्लडप्रेशरची. डॉक्टर म्हणतात, एक दिवस चुकवू नका."

बोलून गेले आणि त्यांच्याच कानांनी ते ऐकलं. त्यांची नजर धाकटीच्या ओठावर गेली. तू पाण्याचा तांब्या पुढं सरकवलास. "घ्या की. चुकवू नगा."

त्यांनी गोळी गिळली. मग म्हणाले, "बाई, तंबूत उभं राहिलं की जिभेला लगाम राहत नाही. चुकलं माझं." धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. साधीच, हळू आवाजात. त्या दिवशी मला त्यांचा आवाज पहिल्यांदा खरा वाटला.

ते गेल्यावर तू उंबऱ्यात बसून पदर तोंडाला लावून हसलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. धाकटी हसली, ओठ दुखला म्हणून ओरडली आणि परत हसली. मी विचारलं, मग खरं ओळखायचं कसं? तू म्हणालीस, "मोहोळ गावात मी शेरडं राखलीत. गोड हाळी कुणी बी देतंय. शेरडू जातंय ते रोज पाणी दाखवणाऱ्याकडं. प्रभू तसा हाय. लेकराला पाडून जो भरवसा मागतोय, तो त्याचा आवाज न्हाय." आणि मग, डोळे पुसत, "ह्ये कुटं बोलू नगंस. जेवाय आलेला माणूस हाय."

धाकटीच्या आकड्या पंधराव्या वर्षी थांबल्या. आता तिचीच नातवंडं तिला पळवतात.

नातीला मी ही सगळी गोष्ट सांगितली. खरं सांगू? तिच्याआधी चर्चच्या महिला मंडळातही सांगितलीय, दोनदा, गोळी गिळायची त्यांची नक्कल करून. बायका खूप हसल्या. तुझा शब्द मी पाळला नाही, आई, आणि मला त्याचं म्हणावं तेवढं वाईटही वाटत नाही.