सचोटीचे चाळीस पाठ

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. नियमित, मुद्देसूद, खाडाखोड न करता.
कंपनीचा आदेश निघाला : सॉफ्टवेअर बनवणाऱ्या, तपासणाऱ्या आणि विकणाऱ्या प्रत्येकाने महिनाअखेरपर्यंत ‘व्यावसायिक सचोटी’ हा ऑनलाइन कोर्स पूर्ण करावा. चाळीस पाठ, शेवटी परीक्षा. अंमलबजावणी माझ्याकडे. योग्यच आहे. इतक्या इंजिनिअरांत मी एकटा वाणिज्य पदवीधर. ते यंत्रे सांभाळतात, मी नियम सांभाळतो. ‘पासवर्ड कोणासही सांगू नये’ हे नोटीस बोर्डावरील परिपत्रक माझ्याच सहीचे आहे.
मोठ्या साहेबांनी सूचित केले की ‘आचारसंहिता अधिकारी’ असे नवे पद निर्माण होत आहे. स्वतंत्र केबिन, तिला दार. सध्या मी झेरॉक्स मशीनशेजारी बसतो.
संकल्प : कोर्स सर्वांत आधी स्वतः पूर्ण करणे.

४ सप्टेंबर, बुधवार
कोर्स सुरू केला. शिकवतो एक कोल्हा. कार्टूनमधला, टाय लावलेला. सचोटी शिकवण्यासाठी कोल्ह्याची निवड कोणी केली, याची चौकशी व्हावी.
पाठ गाळता येत नाही. थोड्या थोड्या वेळाने ‘पुढे’ हे बटण दाबावे लागते. न दाबल्यास कोल्हा मान तिरपी करून ‘आपण आहात ना?’ असे विचारतो, आणि उत्तर न मिळाल्यास सरळ पहिल्या पाठावर नेऊन ‘स्वागत आहे!’ म्हणतो.
नवव्या पाठापर्यंत पोहोचलो होतो. बिस्किट चहात पडले. ते काढेपर्यंत ‘स्वागत आहे!’
कोल्हा पुरवणाऱ्या कंपनीकडे दोन पानी तक्रार केली.

६ सप्टेंबर, शुक्रवार
पुन्हा नववा पाठ. फोन आला. स्वागत आहे.
प्रगती स्थिर.

८ सप्टेंबर, रविवार. सकाळी, घरी.
आठव्या पाठावर दाढी करण्याची वेळ झाली. सौ.ला केवळ ‘पुढे’ दाबत राहण्याची विनंती केली. यास कोर्स करणे म्हणत नाहीत, यांत्रिक साहाय्य म्हणतात. पासवर्ड सांगितला नाही. तो तिला आधीपासून ठाऊक होता. परिपत्रकात ‘सांगू नये’ असे आहे, ‘ठाऊक असू नये’ असे नाही.
दाढी करून आलो तर सौ. चष्मा लावून, खुर्ची पुढे ओढून बसलेली. ऊठ म्हटले तर म्हणाली, “थांबा हो, चांगलं सांगतोय तो कोल्हा.” तिचा हिरमोड करणे बरे वाटले नाही. वर्तमानपत्र घेतले.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
चाळीसही पाठ झाले. माझ्या देखरेखीखाली. (मधला काही काळ डोळा लागला होता.)
परीक्षा सौ. मोठ्याने वाचत होती, मी सोफ्यावरून उत्तरे देत होतो. एक प्रश्न असा : तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला आहे, ग्राहकाला तो अजून माहीत नाही, प्रथम काय कराल? मी सांगितले, वरिष्ठांचा आदेश लेखी मागवावा. सौ. म्हणाली, “अहो, ग्राहकाला सांगायचं! त्यात मागवायचं काय?” आणि भलतेच बटण दाबले. बहुतेक प्रश्नांना असेच केले. नापास होण्याची मानसिक तयारी ठेवली होती.
शंभरपैकी शंभर.
इतक्या वर्षांच्या सहवासात माझे विचार तिच्यात पुरते मुरले आहेत, याचा हा पुरावा.

१० सप्टेंबर, मंगळवार
कंपनीत सर्वाधिक गुण माझे. बोर्डावर नाव लागले, फोटोसह. फोटो जुना आहे, केस आहेत.
सर्व्हरवाल्याने (नेटवर्क सांभाळतो, खांद्यावर सदैव केबलचे वेटोळे) विचारले, “सर, तो कोल्हा आम्हाला धड बसू देत नाही. तुम्ही एका दमात कसा संपवलात?” मी म्हणालो, “एकाग्रता.” तो वेटोळे सावरत बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. आदराने असावे.
मोठ्या साहेबांनी आचारसंहिता समिती नेमली : मी अध्यक्ष, एचआरच्या मॅडम आणि सर्व्हरवाला सदस्य. केबिनच्या दाराचा रंग कोणता हवा, हे साहेबांनी हसत विचारले. हसत का होईना, विचारले.
संकल्प : लबाडीचे एक जरी प्रकरण सापडले तरी गय नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार
सापडले.
आमच्याकडे एक टेस्टर आहे. मुलगी हुशार, पण प्रत्येक गोष्टीत शंका काढते, म्हणून सगळे तिला शंकाताई म्हणतात. प्रोबेशनवर आहे. महिनाअखेर तिला कायम करायचे किंवा नारळ द्यायचा.
ती आपणहून समितीपुढे आली. म्हणणे असे : कोर्स चालू असताना तिला आमच्या एका रक्ततपासणी लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष दिसला. एका पेशंटचा रिपोर्ट दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडत होता. तिच्या वरिष्ठांचा फोन बंद होता, कारण तेही कोल्ह्यापुढे बसले होते. तिने उठून लॅबला फोन केला आणि ते रिपोर्ट बंद करायला सांगितले. तेवढ्यात शेजारच्या प्रोग्रामरने, ती बाहेर फेकली जाऊ नये म्हणून, तिच्या मशीनवर तीनदा ‘पुढे’ दाबले. “ते पाठ मी पाहिलेले नाहीत, सर. मला पुन्हा करू द्या.”
म्हणजे आरोप दोन. एक, दुसऱ्याकडून कोर्स करवून घेणे. दोन, परवानगीविना ग्राहकाला दोष कळवणे. शिवाय कोणी विचारलेले नसताना कबुली देणे, हे मला मुळातच संशयास्पद वाटते.
एचआरच्या मॅडम म्हणाल्या की नोकरी पक्की होणार या भरवशावर तिने आईला इकडे राहायला आणले आहे. प्रकरणाशी संबंध नाही. तरी नोंदवले.
मसुदा : ‘कायम करू नये.’ सुनावणी २३ तारखेला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार. रात्रीच्या जेवणानंतर.
प्रकरण सौ.ला सांगितले. मुलीचे नाव गुप्त ठेवले. गोपनीयता.
सौ.ने चमचा खाली ठेवला.
“तीनदा दाबलं, म्हणून काढताय?”
तत्त्वाचा प्रश्न असल्याचे मी सांगितले.
“मी किती वेळा दाबलं असेल? बोट दुखत होतं दुसऱ्या दिवशी.”
मी फरक समजावून दिला. तिकडे सहकर्मचाऱ्याने दाबले, ऑफिसात. इकडे...
“इकडे बाहेरच्या बाईनं दाबलं, घरात बसून, तुमच्या पासवर्डनं. आणि परीक्षाही दिली.” पुढे म्हणाली, “त्या मुलीनं येऊन सांगितलं तरी. तुम्ही फोटो लावून घेतलात.”
ही कौटुंबिक बाब आहे, असे सांगून मी विषय संपवला. सौ.नेही संपवला. नंतर भांडी नेहमीपेक्षा जोरात घासली गेली.

१६ सप्टेंबर, सोमवार
सौ. फक्त कामापुरते बोलते. “चहा.” “किल्ली.” “छत्री.”
संक्षिप्तता हा गुण आहे. घरात शांतता. सुनावणीची तयारी उत्तम.

२० सप्टेंबर, शुक्रवार. सायंकाळी.
सर्वाधिक गुणांबद्दल माझा सत्कार झाला. कुटुंबीयांना निमंत्रण होते. सौ. आली, हे विशेष. दुसऱ्या रांगेत बसली. तिच्यामागे शंकाताई आणि तिची आई.
सर्व ठरल्याप्रमाणे झाले, एक अपवाद वगळता. मोठ्या साहेबांना ऐनवेळी हुक्की आली. पडद्यावर कोल्हा आणून ते म्हणाले, “आमच्या टॉपरला एक प्रश्न होऊन जाऊ दे!” प्रश्न तोच : दोष सापडला आहे, ग्राहकाला माहीत नाही.
मी माइक घेऊन, शब्द तोलून सांगितले : वरिष्ठांचा आदेश लेखी मागवावा, ग्राहकाने विचारल्यास त्यास यथावकाश कळवावे.
कोल्ह्याने मान हलवली. पडदाभर लाल फुली.
तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून, सवयीने, आवाज आला, “ग्राहकाला सांगायचं.” हिरवी खूण. कोल्हा नाचला.
साहेब खो खो हसत म्हणाले, “काय वहिनी, परीक्षा तुम्हीच दिलीत की काय?”
सौ. म्हणाली, “हो.”
हॉल हशाने दणाणला. साहेबांनी तर टेबलावर हात आपटला. मीही हसलो, प्रसंगावधान राखून. सौ. हसली नाही. शंकाताई हसली नाही. सर्व्हरवाला खांद्यावरचे वेटोळे उगाच सोडवत बसला.
शाल मऊ आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार
सौ.चे तिच्या समयसूचक विनोदाबद्दल आभार मानले.
“विनोद नव्हता तो.”
मी म्हटले, लोकांनी तसाच घेतला, मग प्रश्न कुठे उरला?
“त्या पोरीचा उरला.” मग विचारले, “सोमवारी किती वाजता आहे तुमची ती सुनावणी?”
तिला माझ्या कामात रस वाटू लागला आहे. अकरा वाजता, असे सांगितले.

२३ सप्टेंबर, सोमवार. दुपारी.
त्रोटक नोंद.
अकरा वाजता मी, मॅडम, सर्व्हरवाला स्थानापन्न. शंकाताई समोर. मी प्रास्ताविक केले. ‘नैतिक अधःपतन’ हा शब्द उच्चारत असतानाच दार उघडले. सौ. हातात पर्स, गळ्यात पाहुण्यांचा पास. शंकाताईच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.
मी म्हणालो, ही अंतर्गत बैठक आहे.
“माहीत आहे. हिच्याबरोबर माझीही चौकशी घ्या. हिच्यासाठी कुणी तीनदाच दाबलं, यांच्यासाठी मी चाळीसही पाठ दाबले.”
शंकाताई हळूच म्हणाली, “काकू, राहू द्या ना.” सौ.ने तिच्या हातावर हात ठेवला. “तू गप्प बस गं. तू कबूल केलंयस, आता माझी पाळी.”
मॅडमनी विचारले, म्हणजे परीक्षाही तुम्हीच दिलीत? “हो. हे सोफ्यावर होते.” सर्व्हरवाल्याने विचारले, आणि पासवर्ड? “तो कशाला सांगायला हवा? माझंच नाव आहे. लग्न झाल्यापासून सगळ्या कुलपांना हे तेच लावतात.”
यावर मॅडम उगाचच खिडकीबाहेर पाहू लागल्या.
मग चौघांनीही माझ्याकडे पाहिले. उपविधीत अध्यक्षाविरुद्ध तक्रारीची तरतूद नाही. ती मीच ठेवली नव्हती. तरीही बोलावेसे वाटले. ‘यांत्रिक साहाय्य’ हा शब्द जिभेवर आला होता. समोर दोघी एकाच बाजूला बसलेल्या. मी म्हणालो, “ती म्हणते ते खरे आहे.”
मसुद्यातला ‘करू नये’ मधला ‘नये’ खोडला. रोजनिशीबाहेरची खाडाखोड, सबब संकल्पाचा भंग नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार
शंकाताई कायम. दोषाची माहिती वेळेवर दिल्याबद्दल लॅबचे आभाराचे पत्र आले. आरोप क्रमांक दोन आता ‘प्रशंसनीय कृती’ या शीर्षकाखाली वर्ग केला आहे. तिची आई मला भेटायला आली, आणि सौ.चा पत्ता घेऊन गेली.
फोटो उतरवला. बोर्डावर त्या जागी फिकट चौकोन.
सर्व्हरवाल्याने पासवर्ड बदलायला लावले. नवा सुचेना. तोच पुन्हा टाकला. ‘हा पासवर्ड आता चालणार नाही’ असे उत्तर आले.
मोठे साहेब हसले नाहीत. कोर्स पुन्हा करायचा, ऑफिसात, शंकाताईच्या देखरेखीखाली. हे पथदर्शी पुनर्प्रशिक्षण आहे, असे मी समजतो.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
सातव्या पाठावर शिंक आली. रुमाल काढेपर्यंत शंकाताईला म्हटले, एकदा दाब.
“सर, मी नाही दाबणार.”
स्वागत आहे.

३० सप्टेंबर, सोमवार. सायंकाळी.
शेवटचा दिवस. ऑफिस रिकामे, मी आणि कोल्हा. शंकाताई समोर बसून काम करते आहे. मघाशी तिने न विचारता माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.
एक बातमी. आचारसंहिता अधिकारी या पदासाठी मोठ्या साहेबांनी आज फोन केला. सौ.ला. दार असलेली केबिन देऊ केली.
सौ.ने नाही म्हणून सांगितले. आत्ता मला फोनवर म्हणाली, “अहो, नवरा जिथं नोकरीला, तिथं त्याच्याच वागण्याचा निवाडा बायकोनं कसा करायचा? चालत नाही तसं. बाविसाव्या पाठात आहे.” मग विचारले, “तुम्ही कितव्यावर आहात? जेवायला थांबू का?”
मी नवव्यावर आहे. थांब म्हणालो. आज चिकाटीने बाविसाव्यापर्यंत तरी जायचेच, असा संकल्प इथे नोंदवत आहे. बिस्किट नाही, फोन आता बंद, दाढी सकाळीच झालेली, व्यत्यय येण्यासारखे काहीही
स्वागत आहे.