मीठ मी सांगते

८ नोव्हेंबर
लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, आता मीठ हिने सांगायचं. तेव्हापासून हेनामला, सासूबाईंच्या घरी, वर्षभराची कोबीची किमची घालताना मसाला मी चाखते. मी मान हलवल्याशिवाय कोबीला कुणी हात लावत नाही. सासूबाई, धाकटे दीर आणि आम्ही, तिन्ही घरांचा हिवाळा माझ्या जिभेवर.
बावीसला किमचीसाठी हेनामला जायचंय आणि आज घसा खवखवतोय. ह्यांच्या दाढेच्या वेळच्या अँटिबायोटिक गोळ्या खणात उरल्यात. घेतली. दाढ काय, घसा काय, शेजारीच.

१२ नोव्हेंबर
घसा ठणठणीत. हे म्हणाले, साधी सर्दी होती, आपोआप गेली असती. ह्यांचं टायरचं दुकान आहे. खबरदारी म्हणून माझ्या सायनसच्या उरलेल्या गोळ्याही सुरू केल्या. औषध वाया घालवणं जिवावर येतं.

१६ नोव्हेंबर, सकाळ
जिभेवर पांढरा थर, दह्यासारखा. पेजेचा असणार. ब्रशने खरवडला. थोडं रक्त आलं, म्हणजे नीट निघाला.

१८ नोव्हेंबर
पुन्हा थर. पेज बंद.

१९ नोव्हेंबर
सोयाबीनचं सूप अळणी. हल्ली दुकानातल्या मालाला चवच राहिली नाही. दोनदा मीठ घातलं. ह्यांनी एक चमचा घेतला आणि भातात पाणी ओतून तोच जेवले. वय झालं की चव जाते माणसाची. बोलले नाही, वाईट वाटलं असतं.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ, हेनाम
पार पडलं. मसाला चाखला तर निव्वळ तिखट, जिभेला आग. मीठ कुठेच नाही. मिठात मुरवलेला जवळा आणखी घालायला लावला. मग आणखी. धाकटी जाऊ युन-बी म्हणाली, ताई, मला तर मघाशीच बरोबर लागलं होतं. म्हटलं, बाई, तू डबाबंद नूडल्सवर वाढलेली, तुला काय कळणार. सासूबाई जवळ्याच्या बरणीकडे बघत होत्या. मला वाटतं, त्यांना अभिमान वाटला.
मग रिवाजाप्रमाणे ताज्या किमचीत उकडलेलं डुकराचं मांस गुंडाळून एकेकाला माझ्या हाताने भरवलं. सासूबाईंनी सावकाश चावून गिळलं आणि पाणी मागितलं. मग सगळ्यांनीच मागितलं. थंडीसाठी घराची जमीन खालून तापवतात, ती फारच तापवली होती. कुणी एक शब्द बोललं नाही. चांगलं झालं की असंच होतं.

२५ नोव्हेंबर
ओठांचे कोपरे फाटले, म्हणून डॉक्टरकडे. त्याने टॉर्च मारला आणि बुरशी म्हणाला. अँटिबायोटिकने तोंडातले चांगले जंतूही मेले, मोकळ्या जागेत बुरशी वाढली. तान्ह्या बाळांना होतं असं, उरल्यासुरल्या गोळ्या खाणाऱ्या मोठ्यांनाही होतं. चव कधी गेली, विचारलं. गेलीच नाही म्हटलं. त्याने लिहून घेतलं नाही. तोंडात घोळवायचं औषध दिलं.

४ डिसेंबर
जीभ गुलाबी. हौसेने किमचीचा डबा उघडला. एक घास खाल्ला आणि खाली बसले. समुद्र परवडला.
पानांमध्ये मुळ्याच्या जाड फोडी खुपसलेल्या होत्या. मीठ ओढून घ्यायला घालतात तशा. मी घातल्या नव्हत्या. ह्यांना विचारलं. टीव्ही बंद करून म्हणाले, आईने त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, घरी जाऊन मुळा घाला आणि तिला काही बोलू नका, तिचं तोंड दुखतंय. तू घास भरवताना आईने पाहिलं होतं, तू बोलायचीस तेव्हा जीभ पांढरीफटक दिसायची.
आणि पुढच्या वर्षी, मी विचारलं. हे म्हणाले, युन-बीला सांगितलंय.

५ डिसेंबर
मुळ्याच्या फोडी चांगल्या लागतात. तेवढं मी चाखूनच सांगतेय.
सकाळी सासूबाईंना फोन करणार आहे. आई, मीठ युन-बीने सांगू दे. फक्त तिच्यानंतर एक घास मलाही चाखू द्या, मी काही बोलणार नाही. नाहीच म्हणतील. मी गप्प बसत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे.