विष्णुपुरीचा हवालदार

मुरुड (जि. लातूर), १८ नोव्हेंबर

तुझ्या बापानं कुत्रं म्हणून वासरू पाठवलं, आणि ते बी मला न विचारता. टेम्पोवाल्यानं दारात उतरवलं आणि पाणी बी न पिता पळाला. का पळाला ते आता कळून राहिलं.

चि. पुनमला आज्जीचे अ. उ. आ. इकडं मी ठीक, तिकडं तुम्ही तिघं ठीक असाल असं धरते.

फोन असताना पत्र कशाला म्हणशील. फोनवर मी बोलले की तुझा बाप स्पीकर लावतो. मग सगळं घर ऐकतं आणि मलाच नीट ऐकू येत न्हाई. पत्र एकटीनं वाचता येतं. बापाला दाखवू नको.

चंद्रप्पाच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली तेव्हापासून माझ्या हनुमंताच्या डोक्यात एकच भुंगा, माय एकटी राहते. एकतर घराला राखण पायजे, न्हाईतर मायनं नांदेडला, विष्णुपुरीला यायचं, असं त्यानं ऐकवलं. म्हणजे ह्या जनावरानं राखण केली तर मी माझ्या घरात, न्हाई केली तर तुमच्या चौथ्या मजल्यावर, जिथं अंगण म्हणून तीन कुंड्या हायेत. माझं म्हातारपण त्यानं कुत्र्याच्या गळ्यात बांधलं.

आणि ते कुत्रं कसं? थोबाड बघून पोलीस पाटलाला घाम फुटावा. काम मात्र एकच, उंबऱ्यात आडवं पडायचं. भुंकणं ठावं न्हाई. दूधवाला आला तर उठून त्याच्या मांडीला टेकून उभा राहिला, दूधवाला किटलीसकट भिंतीला. त्याचं नाव ब्रुनो म्हणे. मी हवालदार ठेवलं. पोट बी तसंच, चाल बी तशीच.

तुझ्या आजोबाचा ढाण्या ह्याच्या एका तंगडीएवढा होता. गावठी. पण जोंधळा हुरड्यात आला की आजोबासंगं जागलीला वावरात जायचा आणि रानडुकराला बांध ओलांडू द्यायचा न्हाई. तुझा बाप त्याच्या पोटावर डोकं टाकून झोपायचा. मी लेकराला उचलायला गेले तर माझ्यावरच गुरगुरायचा मेला. माझंच लेकरू! त्याला म्हणतात राखण. हा तुमचा हवालदार घोरतो.

ह्याला चावायला कसं शिकवायचं ते कळव. माया हाय तेवढी राहू दे.

तुझी आज्जी, नागाबाई

विष्णुपुरी, २५ नोव्हेंबर

ती. आज्जीस पुनमचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसले आणि मग रडले. दोन्ही गच्चीवर जाऊन, म्हणजे बाबांना कळलं नाही.

आज्जी, त्याला चावायला शिकवू नकोस. जनावरांच्या डॉक्टरांना मी आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, ही जात दिसते राक्षसासारखी, पण राखणीचं काम जाणकार माणसानं लहानपणापासून शिकवावं लागतं, आणि तरीही प्रत्येकाला ते जमत नाही. आपला तर माझ्या अंथरुणात वाढलाय. साखळीला बांधून, उपाशी ठेवून, चिडवून ‘तिखट’ केला तर तो शूर होणार नाही, भेदरट होईल, आणि एक दिवस एखाद्या लेकराला फाडेल. अशा कुत्र्याला माणसांत ठेवायचं. त्याला ऊन सोसत नाही, म्हणून दुपारी ओलं पोतं अंथर आणि पाण्याची घमेली भरून ठेव.

पण हे बाबांना सांगू नकोस. त्यांना वाटतं, तो तिथं गेला की आपोआप राखणदार होईल. सोसायटीवाल्यांनी तक्रार केली म्हणून त्यांनी त्याला पाठवला, पण दारापाशी त्याची जी जागा होती तिला बाबा अजून वळसा घालून जातात. त्यांचं त्यांनाही कळत नाही.

हवालदाराला माझ्या नावानं कानामागं खाजव. तुझा राग माझ्यावर नसावा, बाकी कुणावर असला तरी चालेल.

तुझी पुनम

मुरुड, ९ डिसेंबर

चि. पुनमला अ. उ. आ.

खाजवलं. माझ्या अंगावर लाळ पडली. लुगडं धुवायला टाकलं.

आता ऐक, काय होऊन बसलं. आपल्या गल्लीची रीत तुला ठावी हाय. भाकरी झाल्या की परातीत उरल्या पिठाची एक चानकी थापायची, आणि ती गल्लीतल्या कुत्र्याची. ज्यानं चानकी टाकली त्याच्यावर कुत्रं भुंकत न्हाई, आणि परक्याला त्याच्या दारात येऊ देत न्हाई. मी म्हणलं हवालदाराला बी रीत कळू दे, म्हणून गल्लीतल्या बायांना सांगून आले. कुणी फुफाट्यात पाय घालायला तयार न्हाई, एवढं मोठं धूड. तरी मी एकेकीला हात धरून आणलं. आता समद्यांच्या चानक्या ह्याच्या पोटात जातात. त्यामुळं गल्लीत ह्याला परका कुणी उरलाच न्हाई. राखण कुणापासून करणार? माझ्याच हातानं मी हवालदाराचं काम काढून घेतलं.

पोरं त्याच्या पाठीवर बसून अभ्यास करतात. लुंबिनीची पोर शिवकन्या त्याच्या कानात पाढे म्हणते.

आणि आक्रीत म्हणजे सिद्धम्मा. शेजारची. भिंतीवरून आमचं वाजलं त्याला तुझ्या वयाएवढी वर्षं झाली. चूक तिचीच होती, आज बी म्हणते. ती पाय ओढत ओढत चानकी घेऊन येते. माझ्याकडं बघत न्हाई, कुत्र्याशी बोलते. ह्याला ताक जास्त झालंय, कुणाला अक्कल न्हाई, असं ती कुत्र्याला सांगते. मग मी बी कुत्र्याला सांगते की काही बायांनी स्वतःच्या म्हशीकडं बघावं. असं रोज तासभर चालतं. आजोबा असताना अंगणात अशी गर्दी असायची, बाजेवर जागा नसायची. मधी लई वर्षं बाज भिंतीला उभी होती. परवा आडवी केली. कुत्र्यामुळं, उगंच दुसरं काही समजू नको.

बापाला सांग राखण झकास चालली हाय.

आज्जी

विष्णुपुरी, १९ डिसेंबर

ती. आज्जीस सा. न. वि. वि.

बाबांना कळलं. गल्लीतल्या कुणीतरी व्हिडिओ टाकला. त्यात शिवकन्या हवालदाराच्या पाठीवर आणि मागं तू हसताना. तुला हसताना बघून बाबांनी तो दोनदा लावला, पण बोलले ते कुत्र्याबद्दलच.

त्यांनी ठरवलंय की येळवसेला, मार्गशीर्षातल्या अमावास्येला, सगळं मुरुड वावरात जातं, गल्ल्या ओस पडतात, त्याच दिवशी त्याला ओसरीवर बांधून दार उघडं टाकायचं. घर राखलं तर ठीक. नाही राखलं तर उदगीरचे महादेवप्पा त्याला घेऊन जाणार. त्यांचं धान्याचं गोदाम आहे, फाटकाला साखळीनं बांधायचाय त्यांना. आणि तू इकडं. आई गच्चीवर तुझ्यासाठी बाज आणायचं म्हणाली.

माझी परीक्षा आहे, येता येणार नाही. आज्जी, तू इथं आलीस तर मला आवडेल, पण तू इथं कशी दिसशील ते मला डोळ्यांपुढं आणता येत नाही. काहीतरी कर.

तुझी पुनम

मुरुड, २ जानेवारी

चि. पुनमला आशीर्वाद. हे पत्र वाचून झालं की बापाच्या हातात द्यायचं.

मी काही केलं न्हाई. जे झालं ते सांगते.

येळवसेला तुझ्या बापानं स्वतः खुंटी ठोकली, हवालदाराला बांधलं, दार सताड उघडं टाकलं. मी आंबिलीचा बिंदगा घेऊन पुढं, तो पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीची टोपली घेऊन मागं. कुत्रं बघून राहिलं. मी मागं वळून पाहिलं न्हाई.

वावरात कोप घातली होती, आजोबा घालायचा त्याच जागी, कडब्याच्या पेंढ्यांची. पूजा झाली. महादेवप्पा बी आला. येळवसेला वावरात आलेल्याला उपाशी धाडायची रीत न्हाई, म्हणून त्याला बी जोंधळ्याचे उंडे वाढले. जेवताना तो सांगून राहिला की महिनाभर साखळी आणि अर्धं पोट, कसलं बी कुत्रं तिखट होतं. तुझा बाप भज्जीत बोट फिरवत बसला.

तेवढ्यात हवालदार आला. खुंटी उपटून, साखळीसकट, तुरीतून धुरळा उडवत. घर गेलं खड्ड्यात, माणसं इथं तर मी तिथं कशाला, असा त्याचा कारभार. नापास. महादेवप्पा लई हसला. हनुमंत हसला न्हाई. त्यानं साखळी काढली, पायात काटे मोडले होते ते एकेक उपसले, आणि आंबील ढोसून कोपीच्या सावलीला आडवा झाला. कुत्रं त्याच्या उशाला. थोड्या वेळानं बघते तर डोकं कुत्र्याच्या पोटावर, तोंड उघडं. केस पिकले, पण झोपायची तऱ्हा तीच.

महादेवप्पा म्हणाला उन्हं कलली, आता नेतो. साखळी घेऊन वाकला. तेव्हा हवालदार गुरगुरला. पहिल्यांदा. मोठ्यानं न्हाई, आणि जागचा हलला बी न्हाई, हलला असता तर हनुमंताचं डोकं खाली पडलं असतं. महादेवप्पा चार पावलं मागं. मी म्हणलं थांबा, मी घेते. गेले. तर मेला माझ्यावर बी गुरगुरला.

मी मागं सरून बसले.

तुझा बाप उठला तेव्हा त्याला हे कुणी सांगितलं न्हाई. महादेवप्पा संक्रांतीपर्यंत कळवा म्हणून निघून गेला.

घरी आलो तर दार उघडं, आणि उंबऱ्यात हवालदाराच्या जागी सिद्धम्मा बसलेली, हातात काठी. चानकी घेऊन आली, कुत्रं दिसलं न्हाई, दार सताड. तिला चालवत न्हाई म्हणून ती वावरात जात न्हाई. दिवसभर तिथंच बसली. म्हणाली, घर असं टाकून जातात का. ह्या खेपेला माझ्याकडं बघून म्हणाली. मी तिला उरलेली भज्जी दिली.

आता हनुमंता, हे तुला. कुत्रं राखण करत न्हाई, मान्य. पण ते आल्यापासून माझं घर एक दिवस बी रिकामं न्हाई. मी त्याला उदगीरला जाऊ देणार न्हाई. नांदेडला नेशील तर दोघांना एकदम ने, चौथ्या मजल्यावर, आणि सोसायटीला तूच तोंड दे. न्हाई नेणार तर दोघांना इथं राहू दे आणि महिन्याला एकदा येऊन त्याच्या पोटावर झोपून जा.

तू नांदेडला शिकायला होतास तेव्हा तुझी पत्रं मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागायची. म्हणून मी रात्रशाळेत अक्षरं गिरवली. वाचायला आलं आणि तू फोन घेतलास. तेव्हापासून माझं शिक्षण फुकट चाललंय.

तर उत्तर पुनमनं द्यायचं न्हाई, सूनबाईनं न्हाई, फोनवर तर मुळीच न्हाई. उत्तर हनुमंतानं लिहायचं, स्वतःच्या हातानं, संक्रांतीच्या आत.

माय