पडद्यापलीकडची खुर्ची

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. छकुलीला पापा, ती लगेच पुसून टाकणार नसेल तर. आम्ही दोघं ठीक आहोत.

तुझं पत्र मिळालं. माझं घर गार, बाबांच्या छातीला सोसणार नाही, म्हणून हिवाळ्यापुरतं त्यांना तुझ्याकडे पाठवावं, हे तुझं म्हणणं चुकीचं नाही. त्यावर मी काय केलं ते आधी लिहिते.

गारठा येतो तो बैठकीच्या मोठ्या खिडकीतून. काच एकेरी आहे. साध्या पडद्यामागून गार हवा खाली सरकते आणि थेट पायांशी येते. म्हणून मी गोधडीसारखा शिवलेला जाड पडदा निवडला. कडांना चुंबकाच्या पट्ट्या, म्हणजे फट राहत नाही. रंगाचे नमुने दाखवले तर बाबा म्हणाले, "कुठलाही आण. भिंतच बांधायची, तर तिला रंग कसला?"

मी बदामी घेतला.

पडदा बसला, खोली ऊबदार झाली. मी खूश होऊन कामावर गेले. परत येऊन बघते तर बाबांची खुर्ची जागेवर नाही, आणि पडद्याला हे मोठं पोट आलेलं.

"बाबा?"

"ये, जागा आहे."

कोट, कानटोपी, मोजे घालून ते काचेला खेटून बसले होते. कोपऱ्यावर बस वळत होती. जन्मभर बस चालवलेला माणूस, दुसरं काय बघणार! म्हणाले, "हा नवा पोरगा चाक उशिरा फिरवतो. रोज सांगतोय, ऐकत नाही."

"त्याला इथून ऐकू येतं का?"

"तुला तरी कुठे येतं?"

दादा, मी खोलीचं तापमान मोजलं होतं. ज्यांच्यासाठी मोजलं, ते पडद्याच्या पलीकडे कुडकुडत होते.

पडदा परत केला. आता मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असलेला आणलाय. कप्प्यांत हवा अडकते, तीच थंडी अडवते. तो खालून हवा तेवढा उचलता येतो. उघड्या भागात काचेच्या आत प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद ताणून बसवला. केस वाळवायच्या यंत्राने तो तापवून ताणायचं काम बाबांनी केलं. एक सुरकुती राहिली. "तिथे बस जरा नाचते," म्हणतात. दिवसभर नुसत्या स्वेटरवर बसतात. खोकला वाढलेला नाही. माझं लक्ष असतं.

आता जे टाळत होते ते. बाबा येण्याआधी मी रोज कुलूप काढून अंधाऱ्या घरात शिरायचे. हे तुला कधी कळवलं नाही. आता कोपऱ्यावरून वळले की खिडकीत दिवा असतो आणि बाबा असतात. हात करत नाहीत. मी नीट वळले असावे, अशी मान डोलावतात.

तुझ्याकडे जायचं का, असं विचारलं त्यांना. म्हणाले, "तुला माझी अडचण होत असेल तर जातो." मी म्हणाले, "बघू." एवढंच सुचलं मला.

तिकीट काढू नकोस. सुट्टीत तुम्हीच इकडे या. बाबा मला इथे हवेत.

हे त्यांना तोंडाने सांगणं मला जमणार नाही. म्हणून पाकीट चिकटवण्याआधी पत्र त्यांना वाचायला देतेय. जागेच आहेत, खिडकीशी.

तुझी आणि त्यांची,
धाकटी